स्विचला आयपी पत्ता द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

स्विच पहिल्यांदा माझ्या हाती आला तेव्हा वरिष्ठ एवढंच म्हणाले, "याला आयपी देऊन ठेव." मी समोरच्या चोवीस पोर्टांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या पोर्टला?" ते हसले आणि जेवायला निघून गेले. प्रश्न वाटतो तेवढा बावळट नव्हता. लॅपटॉपला आयपी देतो तेव्हा तो एका नेटवर्क कार्डाला देतो. मग चोवीस तोंडांच्या डब्याला तो चिकटवायचा कुठे? याचं उत्तर नीट कळलं की निम्मी गुंतागुंत सुटते. उरलेली निम्मी एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्यावरून नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता शोधण्याच्या पद्धतीची आहे, आणि नवीन माणूस अडकतो तो बहुतेक तिथेच.

खालच्या कमांड सिस्को कंपनीच्या आयओएस या स्विचमधल्या सॉफ्टवेअरच्या वळणाच्या आहेत, कारण इतर अनेक कंपन्यांच्या स्विचवर त्या थोड्याफार फरकाने तशाच चालतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. शब्द आठवला नाही तर तिथेच प्रश्नचिन्ह दाबा, पुढचे पर्याय स्विच स्वतःच दाखवतो.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली गोष्ट अशी, की साध्या लेअर टू स्विचला त्याचं रोजचं काम करायला आयपी पत्ता लागतच नाही. खोक्यातून काढा, केबल लावा, फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, इकडून तिकडे जायला लागतात. तो फक्त मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, बघतो. आयपी पत्ता लागतो तो तुम्हाला: दुरून लॉगिन करायला, लॉग गोळा करायला, घड्याळ जुळवायला. म्हणून तो पत्ता पोर्टला न देता स्विचच्या आतल्या एका आभासी इंटरफेसला देतात. स्विच स्वतःच एक संगणक म्हणून एका व्हीलॅनमध्ये (स्विचवर केलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) बसलाय, असं समजा. याला व्हीलॅन इंटरफेस किंवा एसव्हीआय म्हणतात. लेअर थ्री, म्हणजे राउटरचं कामही करणाऱ्या, स्विचवर हाच इंटरफेस त्या व्हीलॅनमधल्या सगळ्यांचा गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, होऊ शकतो, आणि तसा असेल तर तिथली चूक सगळ्यांना भोवते.

दुसरी गोष्ट: स्विचमध्ये दोन वेगळी टेबलं असतात. अमुक मॅक पत्ता कुठल्या पोर्टमागे आहे हे मॅक टेबल सांगतं. अमुक आयपी पत्ता कुठल्या मॅकचा आहे हे एआरपी टेबल सांगतं. मॅक टेबल स्विच येणाऱ्या फ्रेम बघून गुपचूप शिकतो. एआरपी टेबल भरायला त्याला बहुतेक वेळा तोंड उघडून विचारावं लागतं. शंभर मशीनं जोडलेल्या लेअर टू स्विचच्या एआरपी टेबलात दोनच नोंदी पाहून "हा बिघडलाय" असं म्हणणारा मी एकटाच नसेन. बिघडलेलं काही नव्हतं. तो स्वतः ज्या दोघांशी बोलला, तेवढेच दोघे त्यात होते.

काय काय जवळ हवं

- कन्सोल केबल, आणि तुमच्या लॅपटॉपला जुना सिरियल पोर्ट नसणारच, म्हणून यूएसबीचा अडॅप्टर. त्याचा ड्रायव्हर आधीच टाकून, चालवून बघा.
- टर्मिनलचं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ पुट्टी.
- एक साधी नेटवर्क केबल, लॅपटॉपवरून पिंग करून बघण्यासाठी.
- पत्त्यांची यादी: कुठला आयपी कोणाकडे आहे, डीएचसीपीचा (आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांचा) पट्टा कुठून कुठपर्यंत, कुठला व्हीलॅन कशासाठी.
- वरच्या राउटरची किंवा मुख्य स्विचची माहिती: गेटवेचा पत्ता, आणि तुमच्याकडे येणाऱ्या ट्रंकवर (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) कुठले व्हीलॅन सोडलेत.
- आधीपासून चालू असलेला स्विच असेल तर त्याच्या चालू कॉन्फिगरेशनची प्रत. "शो रनिंग-कॉन्फिग" चालवा आणि आलेलं सगळं एका फाइलमध्ये चिकटवून ठेवा. हे टाळू नका.

१. पत्ता आधी कागदावर ठरवा

या लेखात एकच उदाहरण धरू. व्यवस्थापनासाठी व्हीलॅन ५०, सबनेट (पत्त्यांचा गट) १९२.१६८.५०.०, मास्क (तो गट केवढा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. एकूण पत्ते २५६, त्यातला पहिला सबनेटचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे वापरायला २५४. गेटवे १९२.१६८.५०.१ आणि आपला स्विच १९२.१६८.५०.११.

सबनेटचाच पत्ता, म्हणजे शेवटी शून्य असलेला, इंटरफेसला द्यायला गेलात तर स्विच 'बॅड मास्क' म्हणून नाकारतो. तेच सबनेट आधी दुसऱ्या व्हीलॅन इंटरफेसवर असेल तर 'ओव्हरलॅप्स' म्हणून नाकारतो. या दोन चुका तो पकडतो. पण तुम्ही दिलेला पत्ता आधीच एखाद्या प्रिंटरकडे असेल तर तो बिनतक्रार घेतो. म्हणून यादीवर विसंबू नका. पत्ता देण्याआधी त्याच व्हीलॅनमधल्या दुसऱ्या मशीनवरून त्याला पिंग करा आणि लगेच त्या मशीनचं एआरपी टेबल बघा. पिंगला उत्तर आलं नाही पण टेबलात त्या पत्त्यासमोर मॅक उमटला, तर तो पत्ता कोणीतरी वापरतंय. फक्त त्याची फायरवॉल पिंग अडवते आहे.

निवडलेला पत्ता डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा असू द्या.

२. कन्सोलने आत शिरा

वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. सिस्कोसकट बऱ्याच स्विचचा हा मूळ हिशेब असतो. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर एंटर दाबून बघा. विचित्र चिन्हं दिसत असतील तर वेग चुकलाय.

पहिल्यांदा चालू होताना स्विच प्रश्नोत्तरांचा सेटअप सुरू करायचा का, असं विचारतो. नाही म्हणा. मग "इनेबल", आणि त्यानंतर "कॉन्फिगर टर्मिनल".

३. व्हीलॅन बनवा आणि पोर्ट त्यात टाका

व्हीलॅन ५०
नेम मॅनेजमेंट
एक्झिट

ही पायरी लोक गाळतात, कारण "इंटरफेस व्हीलॅन ५०" ही पुढची कमांड व्हीलॅन नसतानाही मुकाट चालते. इंटरफेस तयार होतो पण कधीच उठत नाही. व्हीलॅन आणि व्हीलॅनचा इंटरफेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही बनवाव्या लागतात.

मग ज्या पोर्टला लॅपटॉप लावणार तो:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१
स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस
स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन ५०

वरच्या स्विचकडे जाणारा पोर्ट ट्रंक असेल तर त्यावर व्हीलॅन ५० सोडला आहे का ते "शो इंटरफेसेस ट्रंक" मध्ये बघा. इथे एक सापळा आहे. परवानगी दिलेल्या व्हीलॅनच्या यादीत नवा व्हीलॅन घालताना "अलाउड व्हीलॅन" नंतर "अ‍ॅड" हा शब्द टाकावाच लागतो. तो विसरलात तर जुनी यादी पुसली जाते, फक्त ५० उरतो, आणि बाकीचे सगळे व्हीलॅन त्या ट्रंकवरून एका क्षणात बंद पडतात. तीन अक्षरी शब्द आहे, पण तो विसरण्याची किंमत मोठी आहे.

४. इंटरफेसला पत्ता द्या

इंटरफेस व्हीलॅन ५०
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.५०.११ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन

मास्क नीट बघून टाका. मास्क चुकला तरी स्विच काही बोलत नाही आणि जवळच्या मशीनांना पिंगही जातं, त्यामुळे चूक आठवडाभर लपून राहते.

त्याच इंटरफेसवर दुसऱ्यांदा "आयपी अ‍ॅड्रेस" दिलात तर पहिला पत्ता जातो आणि नवा बसतो. दोन्ही ठेवायचे असतील तर दुसऱ्याच्या शेवटी "सेकंडरी" लिहावं लागतं.

लेअर थ्री स्विचवर थेट पोर्टला पत्ता देता येतो, पण त्याआधी त्या पोर्टवर "नो स्विचपोर्ट" टाकावं लागतं. मग तो पोर्ट राउटरच्या पोर्टसारखा वागतो आणि कुठल्याही व्हीलॅनचा राहत नाही. दोन लेअर थ्री स्विच एकमेकांना जोडताना हे सोयीचं पडतं. नवशिक्याने व्हीलॅन इंटरफेसवरच राहावं, असं माझं मत.

५. इंटरफेस खरंच उठला का?

शो आयपी इंटरफेस ब्रीफ

व्हीलॅन ५० च्या ओळीत 'अप' आणि 'अप' असे दोन शब्द दिसायला हवेत. इंटरफेस बंद ठेवलेला असेल तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसतं, म्हणजे "नो शटडाउन" राहिलं. तसं नसून तो नुसता 'डाउन' असेल तर खालच्या तीनपैकी एक कारण बहुतेक वेळा सापडतं: व्हीलॅन बनवलेलाच नाही, त्या व्हीलॅनमध्ये एकही पोर्ट चालू नाही, किंवा पोर्ट चालू आहे पण स्पॅनिंग ट्रीने (फ्रेम नेटवर्कमध्ये गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेल्या व्यवस्थेने) अजून त्याला पुढे पाठवायची मुभा दिलेली नाही.

तिसऱ्या कारणासाठी फक्त थांबायचं असतं. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये केबल लावल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो, मगच फ्रेम सोडतो. त्या अर्ध्या मिनिटात माणूस चार कमांड बदलून टाकतो आणि नंतर कशामुळे चालू झालं ते त्यालाच कळत नाही. केबल लावली की मनात तीसपर्यंत मोजा.

६. गेटवे, आणि माझी झालेली फजिती

स्विच फक्त लेअर टूचं काम करत असेल तर ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये एवढं पुरतं:

आयपी डीफॉल्ट-गेटवे १९२.१६८.५०.१

गेटवे नसेल तर त्याच सबनेटमधून लॉगिन होईल, दुसऱ्या सबनेटमधून होणार नाही. तुमचं पिंग स्विचपर्यंत पोचतं, पण उत्तर परत कुठल्या वाटेने पाठवायचं ते त्याला ठाऊक नसतं.

लेअर थ्री स्विचवर "आयपी राउटिंग" चालू असेल तर मात्र वरची ओळ कॉन्फिगरेशनमध्ये दिसत राहते आणि तिच्याकडे स्विच ढुंकूनही बघत नाही. तिथे डीफॉल्ट रूट लागतो:

आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.५०.१

मी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, अंगावर शिकलो. एका स्विचवर दुरून, दुसऱ्या सबनेटमधून लॉगिन केलं होतं. नव्या कामासाठी राउटिंग लागणार होतं, म्हणून "आयपी राउटिंग" टाइप केलं, एंटर दाबलं, आणि कर्सर गोठला. डीफॉल्ट-गेटवेची ओळ त्याच क्षणी निरर्थक झाली होती, डीफॉल्ट रूट मी अजून दिला नव्हता. रात्री कन्सोल केबल घेऊन दुसऱ्या इमारतीत जावं लागलं. क्रम उलटा हवा होता: आधी रूट, मग राउटिंग.

रूट देताना पुढच्या राउटरचा आयपी पत्ताच लिहा. त्याऐवजी नुसतं "व्हीलॅन ५०" असं इंटरफेसचं नाव लिहिलंत तरी कमांड चालते, पण मग स्विचला वाटतं की जगातला प्रत्येक पत्ता त्या व्हीलॅनमध्येच बसलाय, आणि तो प्रत्येकासाठी वेगळी एआरपी चौकशी करत सुटतो. टेबल फुगतं, आणि नेटवर्क कधी चालतं, कधी नाही.

७. पिंग करा, आणि पहिल्या ठिपक्याकडे बघा

पिंग १९२.१६८.५०.१

सिस्कोचा स्विच पाच पाकिटं पाठवतो. उत्तर आलं की उद्गारचिन्ह, वेळेत आलं नाही की ठिपका. पहिल्यांदा बहुधा एक ठिपका आणि चार उद्गारचिन्हं दिसतात, खाली यशाचं प्रमाण ८० टक्के. नवीन माणूस लगेच केबल बदलायला धावतो. पुन्हा एकदा पिंग करा, आता पाचही उद्गारचिन्हं येतील.

तो पहिला ठिपका म्हणजेच एआरपी. स्विचला गेटवेचा आयपी माहीत होता, पण इथरनेटवर फ्रेम पाठवायला मॅक लागतो. मग त्याने व्हीलॅन ५० मधल्या सगळ्यांना ब्रॉडकास्ट केला: "१९२.१६८.५०.१ कोणाचा आहे? ज्याचा असेल त्याने मला कळवा." हा संदेश जेमतेम २८ बाइटचा असतो. प्रश्न सगळ्यांना जातो, उत्तर फक्त विचारणाऱ्याला येतं. उत्तर येईपर्यंत पहिलं पाकीट गळलं होतं. १९८२ च्या नोव्हेंबरात डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ या मानक दस्तऐवजात मांडलेली ही पद्धत आजही जवळजवळ तशीच चालते. आयपी आवृत्ती ६ मध्ये एआरपी नाही, तिथे हे काम नेबर डिस्कव्हरी करते.

ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. म्हणून दुसऱ्या सबनेटमधल्या मशीनला पिंग केलंत तर स्विच त्या मशीनचा मॅक विचारत नाही, गेटवेचा विचारतो. दूरच्या पत्त्याची नोंद आपल्या एआरपी टेबलात शोधत बसू नका, ती तिथे नसणार. आणि असलीच तर काहीतरी चुकलंय; त्यावर पुढे येतोच.

८. एआरपी टेबल वाचायला शिका

शो आयपी एआरपी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ओळीत आयपी पत्ता, नोंदीचं वय मिनिटांत, मॅक पत्ता, प्रकार आणि इंटरफेस दिसतो. वयाच्या जागी आडवी रेघ असेल तर तो स्विचचा स्वतःचा पत्ता आहे किंवा हाताने घातलेली नोंद आहे. प्रकारात 'आर्पा' लिहिलेलं दिसेल, ते टायपिंगची चूक नाही. इथरनेटच्या नेहमीच्या फ्रेम पद्धतीचं ते नाव आहे.

मॅक पत्ता प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेशात येतो. सिस्को चार-चार अंकांचे तीन गट टिंबांनी तोडतो, विंडोज दोन-दोन अंकांमध्ये आडवी रेघ घालतं, लिनक्स विसर्गासारखे दोन टिंब घालतं. शोधताना नुसते शेवटचे चार अंक जुळवा, डोळ्यांना सोपं जातं.

आता खरी कामाची गोष्ट. एखादं मशीन पोचत नाही अशी तक्रार आली की त्याला एकदा पिंग करा आणि मग त्याची एआरपी नोंद बघा.

नोंद 'इन्कम्प्लीट' असेल तर स्विचने विचारलं पण कोणी उत्तर दिलं नाही. म्हणजे भानगड खालच्या थरात आहे: मशीन बंद आहे, पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे, मधल्या एखाद्या ट्रंकवर व्हीलॅन सोडलेला नाही, किंवा मशीनचा पत्ताच वेगळा आहे. फायरवॉलकडे बघण्यात वेळ घालवू नका.

नोंदीत मॅक आहे पण पिंग जात नाही, तर केबल, पोर्ट, व्हीलॅन, ट्रंक हे सगळं सहसा ठीक आहे, कारण प्रश्न तिथवर गेला आणि उत्तर परत आलं. आता मशीनची फायरवॉल बघा, किंवा मधली एखादी अ‍ॅक्सेस लिस्ट, म्हणजे वाहतूक सोडायच्या-अडवायच्या नियमांची यादी. मात्र नोंदीचं वय बघायला विसरू नका. दोन तासांपूर्वीची नोंद असेल तर मशीन मधल्या काळात मेलेलंही असू शकतं. त्या एका पत्त्याची नोंद पुसा आणि पुन्हा पिंग करा.

क्लिअर आयपी एआरपी १९२.१६८.५०.२०

सगळं टेबल एका झटक्यात साफ करायची कमांडही आहे. भर कामाच्या वेळी मोठ्या लेअर थ्री स्विचवर ती वापरू नका. शेकडो नोंदींची चौकशी एकदम सुरू होते.

मॅक कळला की तो कुठल्या पोर्टमागे आहे ते "शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल अ‍ॅड्रेस" आणि पुढे तो मॅक, असं विचारा. पोर्ट दुसऱ्या स्विचकडे जाणारा निघाला तर त्या स्विचवर जाऊन तेच विचारा. असं दोन-तीन उड्यांत मशीन नेमकं कुठल्या भोकात खोचलंय ते सापडतं.

९. चार तास आणि पाच मिनिटं

सिस्को आयओएसमध्ये एआरपी नोंद मुळात ४ तास टिकते, म्हणजे १४४०० सेकंद. मॅक टेबलातली नोंद शांत राहिलेल्या मशीनसाठी ३०० सेकंदांत जाते. हुआवेच्या स्विचवर एआरपीचा काळ २० मिनिटांचा असतो. एआरपी आणि मॅकच्या काळांत एवढी तफावत असणं बहुतेक ठिकाणी खपून जातं, पण एका प्रसंगी नाही.

समजा एका व्हीलॅनला दोन लेअर थ्री स्विच गेटवे म्हणून आहेत. मशीनकडून जाणारी वाहतूक एकावरून जाते, परत येणारी दुसऱ्यावरून. दुसऱ्याला त्या मशीनकडून थेट फ्रेम मिळतच नाही, म्हणून पाच मिनिटांत त्याच्या मॅक टेबलातून ते मशीन गळतं. एआरपी नोंद मात्र आणखी जवळजवळ चार तास शाबूत. आता त्याला मॅक ठाऊक आहे पण पोर्ट नाही. मग तो फ्रेम व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर सोडतो. भलत्याच मशीनच्या पोर्टवर दुसऱ्याच्या बॅकअपची वाहतूक दिसू लागते, दिवे एकसाथ लुकलुकतात, आणि कारण कुणाला सापडत नाही.

उपाय सोपा आहे. त्या व्हीलॅन इंटरफेसवर एआरपीचा काळ मॅकच्या काळापेक्षा थोडा कमी करा:

एआरपी टाइमआउट २७०

किंवा मॅक टेबलाचा काळ वाढवून एआरपीएवढा करा. एकच गेटवे असलेल्या लहान नेटवर्कमध्ये या आकड्यांना हात लावायची गरज नाही.

१०. हाताने एआरपी नोंद घालावी का?

घालता येते:

एआरपी १९२.१६८.५०.२० ००११.२२३३.४४५५ आर्पा

माझा सल्ला, शक्यतो नको. मशीनचं नेटवर्क कार्ड बदललं की मॅक बदलतो, तुमची नोंद मात्र जुनाच मॅक धरून बसते. मग बाकी सगळीकडून ते मशीन पोचतं, फक्त या स्विचवरून नाही, आणि नोंद घातलेला माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. एखादं उपकरण एआरपीला उत्तरच देत नसेल तरच हा मार्ग धरा आणि पत्त्यांच्या यादीत ते ठळक लिहा.

११. दोन फसवी लक्षणं

एकच पत्ता दोघांकडे. स्विचच्या लॉगमध्ये 'डुप्लिकेट अ‍ॅड्रेस' असा संदेश येतो आणि सोबत समोरच्याचा मॅकही. तो मॅक घेऊन आठव्या पायरीतली शोधाशोध करा. स्विचचा आणि प्रिंटरचा पत्ता एक झाला, तर लॉगिन कधी लागतं, कधी तुटतं, कारण दुसऱ्यांच्या एआरपी टेबलात कधी याचा मॅक असतो, कधी त्याचा. विंडोजवर "एआरपी" लिहून पुढे आडवी रेघ आणि ए टाका, दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. मॅक बदललेला दिसला की समजायचं.

एकाच मॅकसमोर ढीगभर आयपी. हे दिसलं की स्विचचा मास्क तपासा. समजा २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० पडलाय. मग १९२.१६८.६०.२० हा पत्ता स्विचला आपल्याच व्हीलॅनमधला वाटतो आणि तो त्याची चौकशी करतो. खरं तर कोणी उत्तर द्यायला नको. पण सिस्कोच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी मुळातच चालू असतं, म्हणून गेटवे पुढे होऊन म्हणतो, "मी आहे, माझ्याकडे द्या." सगळं चालतं! चूक झाकली जाते. मग कोणीतरी सुरक्षेसाठी प्रॉक्सी एआरपी बंद करतं, अर्धं जग दिसेनासं होतं, आणि दोष त्या बिचाऱ्यावर येतो.

१२. चालू स्विचचा पत्ता दुरून बदलताना

ज्या पत्त्यावर लॉगिन केलंय तोच बदललात तर संपर्क तुटणार, हे उघड आहे. न उघड ते हे: नव्या पत्त्याचा मास्क किंवा व्हीलॅन चुकला तर परत आत जायची वाटच राहत नाही. म्हणून बदल करण्याआधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि ही कमांड द्या:

रीलोड इन १०

दहा मिनिटांत स्विच स्वतःहून पुन्हा सुरू होईल आणि सेव्ह केलेल्या जुन्या पत्त्यावर येईल. बदल यशस्वी झाला, नव्या पत्त्यावर लॉगिन झालं, की ताबडतोब "रीलोड कॅन्सल". हे विसरलात तर सगळं नीट चालू असताना स्विच बंद पडून उठेल आणि फोन वाजू लागतील. आणि बदल करण्यापूर्वी सेव्ह केलंत, तसं बदल केल्यावर पडताळणी होईपर्यंत सेव्ह करू नका, नाहीतर या सगळ्याचा उपयोग शून्य. ज्युनिपरवर यासाठी "कमिट कन्फर्म्ड" आहे. तिथे दहा मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही तर स्विच बंद न पडता नुसतं जुनं कॉन्फिगरेशन परत येतं. याबाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो.

१३. एआरपीची तपासणी चालू असेल तर

एआरपीमध्ये ओळखपत्र विचारायची सोय नाही. कोणीही "तो पत्ता माझा" म्हणू शकतं आणि ऐकणारा विश्वास ठेवतो. त्यावर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन हा उपाय आहे. डीएचसीपी स्नूपिंगने (डीएचसीपीने कोणाला कुठला पत्ता दिला यावर नजर ठेवणाऱ्या सोयीने) जमवलेल्या नोंदींशी प्रत्येक एआरपी ताडून बघितली जाते, न जुळणारी टाकून दिली जाते.

हे चालू असलेल्या व्हीलॅनमध्ये हाताने पत्ता दिलेलं मशीन जोडलंत तर त्याची डीएचसीपी नोंदच नसते, त्यामुळे त्याची एआरपी गिळली जाते. केबल ठीक, व्हीलॅन ठीक, पत्ता ठीक, तरी 'इन्कम्प्लीट'. अशा मशीनसाठी एआरपीची अ‍ॅक्सेस लिस्ट लिहावी लागते. आणि दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट 'ट्रस्ट' करायला विसरू नका. सिस्कोवर अविश्वासू पोर्टसाठी मूळ मर्यादा सेकंदाला १५ एआरपी पाकिटांची आहे, ती ओलांडली की पोर्ट 'एरर-डिसेबल' होऊन बंद पडतो. मागे अख्खा स्विच असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

१४. सेव्ह, आणि यादीत नोंद

कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

हुआवेवर नुसतं "सेव्ह". हे राहिलं तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर स्विच तुम्ही दिलेला पत्ता विसरून उठेल.

शक्य असेल तर आत्ताच, कन्सोल लावलेला असतानाच, स्विच एकदा बंद करून चालू करा. उठल्यावर "शो आयपी इंटरफेस ब्रीफ", गेटवेला पिंग, आणि दुसऱ्या सबनेटमधून एक लॉगिन, एवढं बघा. मग पत्त्यांच्या यादीत चार गोष्टी लिहा: स्विचचं नाव, आयपी, व्हीलॅन, आणि त्या व्हीलॅन इंटरफेसचा मॅक. मॅकचा रकाना बहुतेक यादींमध्ये नसतो, तो तुम्ही वाढवा. पुढे कधी 'डुप्लिकेट अ‍ॅड्रेस' आला की दोन मॅकपैकी आपला कुठला, हे विचारत रॅकपर्यंत जावं लागणार नाही.